पलीकडचे पाच

लिनेट वेंझचं पत्र माझ्या टेबलाच्या उजव्या खणात बारा वर्षं पडून होतं. त्याच्यावर मी वेळोवेळी बऱ्याच गोष्टी ठेवल्या. चष्म्याच्या मोडक्या काड्या, वाळलेली पेनं, बायकोच्या आजारपणातले कागद आणि ती गेल्यावर आलेली सांत्वनाची पत्रं. त्या सगळ्या पत्रांना मी उत्तरं पाठवली. ज्यांची नावंही मला धड आठवत नव्हती त्यांनासुद्धा. लिनेटच्या पत्राला नाही पाठवलं.

पत्र लहान होतं. मला ते पाठ आहे.

"टेस्के सर, तुम्हाला त्रास देते आहे, माफ करा. मला एकच विचारायचं आहे. माझा निबंध चुकला होता, की तुम्हाला तो आवडला नव्हता? चुकला असेल तर कुठे ते सांगा, म्हणजे मी परत येईन आणि नीट करीन. आवडला नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी दुसऱ्या सरांच्या वर्गात नाव घालीन. पण काहीच न कळता पुस्तक उघडणं मला जमत नाहीये. दोन पानं वाचते आणि वाटतं, कितीही नीट विचार केला तरी शेवटी समासात 'पुरावा अपुरा' असंच यायचं. मग मिटून ठेवते. एका ओळीचं उत्तर पुरे."

एक ओळ. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींवर खुणा करत आलो, आणि ही एक ओळ मला लिहिता आली नाही.

आमच्या गावात वेळ नदीवर बदलते. अलीकडे केसलरमध्ये दुपारचे बारा वाजले की पुलापलीकडे वेस्ट केसलरमध्ये अकरा वाजलेले असतात. आमच्या भागात मिझुरी नदीच्या दोन्ही काठांवर असंच आहे आणि आम्हा लोकांना त्याचं काही वाटत नाही. पलीकडची माणसं अलीकडे यायची म्हणजे घड्याळ तासभर पुढे करायची, परत जाताना मागे. विसरलं की फजिती. दर वर्षी निदान एका लग्नाला अर्धे पाहुणे केक कापून झाल्यावर पोचतात.

आमच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात मी एकतीस वर्षं शिकवलं. विषयाचं नाव भारदस्त होतं, पण मुलं त्याला 'शंकेचा तास' म्हणत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर तीन प्रश्न लिहायचो आणि ते वर्षभर पुसू द्यायचो नाही. हे कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? आणि तो कुठे उभा होता? तिसऱ्या प्रश्नाचा मला जरा अभिमान होता. पहिले दोन कुठल्याही पुस्तकात सापडतील, तिसरा माझा होता. माणूस जिथे उभा असतो तिथूनच त्याला दिसतं, असं मी म्हणायचो. म्हणायला फार सोपं होतं ते.

त्या वर्षी पहिल्याच तासाला लिनेट पंचवीस मिनिटं उशिरा आली. वीसेक वर्षांची, केस ओले, अंगात पलीकडच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्याचा निळा अंगरखा तसाच. सकाळची पाळी करून ती सरळ वर्गात आली होती.

"सॉरी सर," ती म्हणाली. "तिथलं घड्याळ बघून निघाले. माझ्याकडे अजून साडेनऊसुद्धा झाले नाहीत."

"नाव?"

"लिनेट वेंझ."

मागच्या बाकावरून ड्वेन नावाच्या पोराचा आवाज आला, "वेंझ? मग ही लवकर जायला पाहिजे ना, उशिरा कशी आली?"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. अगदी थोडं, ओठांच्या कोपऱ्यातून. पण लिनेट माझ्याकडेच बघत होती, त्यामुळे तिला दिसलं.

ड्वेनच्या विनोदाचा अर्थ केसलरमध्ये कुणाला समजवावा लागत नाही. कामावरून कुणी वेळेआधी निघालं की आमच्याकडे म्हणतात, "वेंझची वेळ झाली वाटतं!" धान्याच्या गोदामात म्हणतात, चर्चच्या स्वयंपाकघरात म्हणतात, पोरं शाळेच्या मैदानावर म्हणतात. हे आलं लिनेटच्या आजोबांवरून. पूल नव्हता तेव्हा गॉटलीब वेंझ नदीवर फेरीबोट चालवायचे. चौतीस सालच्या ऑक्टोबरात, एका वादळी शनिवारी, पलीकडे राहणारी हाफनर घरातली तीन माणसं बाजार करून अलीकडच्या धक्क्यावर आली. सहाला फेरी बंद, तशी धक्क्यावर पाटीच होती. पण बोट नव्हती. अंधार पडत होता. तिघं कुणाची तरी मासेमारीची होडी घेऊन निघाली आणि बुडाली. बोट का नव्हती? गॉटलीब वेंझ वेळेआधी घरी निघून गेला म्हणून. असं गाव म्हणालं. गॉटलीबनी काही सांगितलं असेल तर ते कुणी ऐकलं नाही. त्यांना जर्मन सोडून दुसरी भाषा धड येत नव्हती, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या बोटीत साक्ष द्यायला एकही उतारू नव्हता.

इतके दिवस ती नुसती बोलवा होती. तिला छापील केलं मी.

गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्यासारख्या लाजाळू माणसाला त्याहून मोठा मान कुठला मिळणार? दोन हिवाळे मी वाचनालयाच्या तळघरात काढले. तिथे मला फेरीबोटीची जुनी वही सापडली. गॉटलीबच्या हातची, पेन्सिलीनं लिहिलेली. त्या शनिवारच्या पानावर दोनच शब्दांची नोंद होती: "बोट बांधली." आणि पुढे वेळ, पाच. मला आठवतं, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. पुस्तिकेत मी लिहिलं, "नावाडी गॉटलीब वेंझ त्या दिवशी तासभर आधीच घरी गेला; त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात तशी नोंद आहे." ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्यातल्या अर्धविरामासकट.

लिनेटच्या वर्गाला मी सत्रअखेरीस नेहमीचाच निबंध दिला. तुमच्या घरात किंवा गावात सगळे जे खरं मानतात असं एक काहीतरी घ्या आणि तपासा. मुलं साधारण आजीच्या औषधांवर नाहीतर भुताच्या विहिरीवर लिहीत. लिनेटनं माझं वाक्य घेतलं.

तिनं माझं नाव कुठे घेतलं नव्हतं. 'पुस्तिकेत' एवढंच म्हटलं होतं. तिनं तीच वही काढली होती, पण त्या शनिवारचं पान सोडून ती मागची पानं वाचत गेली. गॉटलीब रोज संध्याकाळी बोटीवर कंदील लावायचे आणि तशी नोंद करायचे. आदल्या दिवसाची नोंद होती, "सूर्य मावळला, कंदील लावला. पावणेपाच." लिनेटनं पंचांगासारखं जे जुनं वार्षिक असतं त्यात केसलरचा त्या तारखेचा सूर्यास्त पाहिला. पावणेसहा. मग तिनं फळ्यावरचा माझा तिसरा प्रश्न लिहिला होता, शब्दशः: तो कुठे उभा होता? आणि खाली उत्तर. "माझे आजोबा पलीकडे राहायचे. घड्याळ पलीकडचं होतं. वहीतले पाच म्हणजे पलीकडचे पाच. अलीकडे तेव्हा सहा वाजले होते. बोट वेळेवर बांधली होती. घड्याळाबद्दल माणूस चुकेल, सूर्य कुणाच्या बाजूनं बोलत नाही."

आणि शेवटी एक परिच्छेद असा: "मग हाफनर मंडळी सहानंतर धक्क्यावर का आली, हे मला माहीत नाही. त्यांचं घड्याळ कुठल्या वेळेवर होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. जे मला माहीत नाही ते मी लिहिणार नाही."

एकतीस वर्षांत माझ्या हातात पडलेल्या निबंधांमध्ये त्या शेवटच्या दोन वाक्यांइतकं चांगलं मी काही वाचलं नव्हतं. पहिल्याच वाचनात मला कळलं होतं की ती बरोबर आहे. मी त्याच वहीची तीच पानं उलटली होती. कंदिलाच्या नोंदी मी पाहिल्या होत्या. मी अलीकडे राहतो, माझं घड्याळ अलीकडचं, तेव्हा जगात पाच म्हणजे माझेच पाच, असं मी धरून चाललो होतो. आमच्या गावातलं शाळकरी पोरही करणार नाही अशी चूक, आणि ती मी शाईनं छापली.

मी समासात लिहिलं, "एका दिवसाच्या सूर्यास्तावरून काय सिद्ध होतं?"

ती आठवडाभरानं आली. हातात चौदा दिवसांचा तक्ता, दोन रकान्यांत. गॉटलीबची वेळ आणि वार्षिकातली वेळ, प्रत्येक ओळीत जवळपास एका तासाचं अंतर.

"चौदा पुरेत का सर?" तिनं विचारलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण चेहरा उजळलेला होता. "अजून हवे असतील तर सप्टेंबरपासूनचे काढते. मला आता मजा येतेय. धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना पण डोक्यात तेच चालतं. आई म्हणते, तुला कुणी बाधा केलीय का?"

मी तक्ता बराच वेळ बघत राहिलो. माझ्याकडून शब्द आले ते असे: "हे ठीक आहे. पण नेमक्या त्या शनिवारी त्यांनी तेच घड्याळ पाहिलं, हे कशावरून?"

"म्हणजे... रोज जे बघायचे तेच बघितलं असेल ना?"

"असेल. 'असेल' हा पुरावा नाही, लिनेट."

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणी हात लावून मालवावा तसा गेला. मी ते पाहिलं. माझ्याजवळ एकच चांगली वस्तू होती, शंका. ती मी आयुष्यभर मुलांच्या हातात दिली, आणि त्या दिवशी तिच्याआड लपून बसलो. निबंधावर मी 'सी' दिला. खाली लिहिलं, "चिकाटी चांगली. पुरावा अपुरा."

दुसऱ्या सत्रात तिचं नाव यादीत नव्हतं. कॉलेजच्या उपाहारगृहात कुणीतरी म्हणालं, "वेंझचीच ना ती? निघाली असेल वेळेआधी." तेव्हा मी हसलो नाही. पण गप्प तर बसलोच. मार्चमध्ये तिचं पत्र आलं. आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो.

गेल्या महिन्यातल्या मंगळवारी इर्मा हाफनर माझ्याकडे आली. इर्मा आणि मी शाळेत एका वर्गात होतो. तिनं चाळीस वर्षं गावचं वाचनालय चालवलं, आता निवृत्त आहे असं ती म्हणते, पण किल्ल्या तिच्याकडेच आहेत. चौतीस साली बुडालेल्या तिघांपैकी एक तिचे काका, एक काकू आणि एक काकूची बहीण.

दार ढकलून ती आत आली, एका हातात कागदांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात केकची झाकलेली थाळी.

"जिवंत आहेस ना? हे घे, मनुका घातलेलं कूकेन. दोन तुकडे आजच खा, नाहीतर तू ते कपाटात जपून ठेवशील आणि त्याला बुरशी येईल."

"बस इर्मा."

"बसायला वेळ नाही," म्हणत ती बसली. "गावाला सव्वाशे वर्षं झाली, माहीत आहे ना? तुझी पुस्तिका परत छापतोय. हे छापखान्याचे कागद. सोमवारी जायचेत. वाच आणि सही कर. काही बदलायचं असेल तर बदल, पण बदलू नकोस. लोकांना जुनंच आवडतं."

मी कागद मांडीवर घेतले. ते पान आपोआपच उघडलं असं मला वाटलं, पण खरं म्हणजे मीच उघडलं. अर्धविराम होता तिथेच होता.

कॉफी ओतून घेताना इर्माला ते पान दिसलं. "वेंझवरून आठवलं. ती लिनेट तुझ्याच वर्गात होती ना रे? दर वर्षी वाचनालयात येते, कॉलेजचा परत प्रवेश घ्यायचा फॉर्म घेते, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून भरते आणि तसाच टाकून जाते. या वर्षी तर सगळा भरलाय. एकच चौकट राहिलीय."

"कुठली?"

"'यापूर्वी शिक्षण का सोडले?' मला विचारत होती, इर्मामावशी, इथे काय लिहू? मी म्हटलं, लिही काहीतरी, घरची अडचण वगैरे. तर म्हणते, 'वेंझ आहे म्हणून, असं लिहू का?' आणि हसली. मला नाही आवडलं ते हसणं." इर्मानं कप खाली ठेवला. "शुक्रवार शेवटची तारीख आहे. घेऊन गेलीय फॉर्म. टाकेल कुठेतरी. बत्तीस वर्षांची झाली, अजून चादरींच्या घड्या घालते. डोकं असलेली पोरगी. तुला आठवते का ती?"

मी उठलो, उजवा खण ओढला, काड्या आणि पेनं आणि सांत्वनाची पत्रं बाजूला केली आणि पत्र इर्माच्या हातात दिलं. मग लिनेटचा निबंधही दिला. शेरा वाचून तो तिनं माझ्याच टेबलावर सोडला होता.

इर्मा चष्मा नाकावर घेऊन वाचत राहिली. मी खिडकीशी उभा राहिलो, कारण तिच्या समोर बसणं मला शक्य नव्हतं. बऱ्याच वेळानं पान उलटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"आर्नो."

"हं."

"हे खरं आहे?"

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बारा वर्षं."

"बारा वर्षं! आणि दर नाताळला माझ्याकडे येऊन जेवून जातोस?" तिचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "म्हणजे माझ्या काकांनी सकाळी अलीकडे येताना घड्याळ पुढे केलं नव्हतं, असंच ना? स्वतःच्या चुकीनं गेले, आणि आम्ही सत्तर वर्षं त्या वेंझांकडे बघून रस्ता बदलत होतो?"

"तसं ती म्हणत नाही. शेवटचा परिच्छेद वाच."

तिनं तो परत वाचला. "'जे मला माहीत नाही ते मी लिहिणार नाही,'" ती पुटपुटली. मग चष्मा काढून ठेवला. "परवाच मी पलीकडे दंतवैद्याकडे तासभर आधी जाऊन बसले होते," ती म्हणाली. "त्या बाईनं विचारलं, इतक्या सकाळी कशा आलात? जन्म गेला या नदीवर, तरी..."

"इर्मा, मला ते वाक्य बदलायचं आहे."

"बदल." ती उठली. दाराशी थांबली. "काकांबद्दल काही लिहू नकोस. लोक काय ते समजतील. आणि आर्नो, मला पुढचे काही दिवस फोन करू नकोस. मी करीन."

थाळी ती विसरून गेली.

पुस्तिकेचं वाक्य बदलायला मला दहा मिनिटं लागली. नदी, वही, पलीकडचं घड्याळ, आणि "ही चूक प्रस्तुत लेखकाची असून ती लिनेट वेंझ या विद्यार्थिनीने दाखवून दिली." पण लिनेटला लिहायचं पत्र बुधवारचा अख्खा दिवस झालं नाही.

पहिला मसुदा चार पानी होता. त्यात माझं बालपण होतं, माझा भित्रेपणा होता, बायकोचं आजारपण होतं. वाचून झाल्यावर मी सवयीनं लाल पेन्सिल उचलली आणि स्वतःच्याच समासात लिहू लागलो. "त्या काळात मी फार खचलो होतो." हे कशावरून? बायको आजारी पडली ती पत्र आल्यानंतर तीन वर्षांनी. खोडलं. "तुला उत्तर द्यावं असं मला रोज वाटायचं." रोज? खोडलं. "माझ्यामुळे तुझं आयुष्य थांबलं." हे वाक्य मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं होतं. त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. तिनं कॉलेज का सोडलं हे मला कसं माहीत? तिची आई होती, धुलाईखान्यातली पाळी होती, थकवा होता. आपल्या एका शेऱ्यानं एखाद्याचं आयुष्य थांबतं असं मानणं, हासुद्धा मास्तरचा गर्वच. पण माझा काहीच हात नव्हता असं म्हणायलाही पुरावा नव्हता. तिच्या पत्रात उलट लिहिलेलं होतं. ते वाक्य खोडलं आणि परत लिहिलं आणि परत खोडलं. त्याच्या बाजूला लिहिलं, ती सांगेल.

मला भीती होती ती तिच्या रागाची नव्हती. तिनं पत्र उघडावं, वाचावं आणि खांदे उडवावेत, याची होती. बारा वर्षांनी आलेल्या एका ओळीचा काय उपयोग? तिच्यातली ती उजळून येणारी गोष्ट अजून शिल्लक असेल का? मला माहीत नव्हतं. मला हेही माहीत नव्हतं की मी हे तिच्यासाठी करतोय की शांतपणे मरता यावं म्हणून. हा प्रश्न मी समासात लिहिला आणि त्याच्यापुढे उत्तर लिहिलं नाही.

गुरुवारी दुपारी उरलं ते एवढं:

"प्रिय लिनेट, तुझा निबंध बरोबर होता. एका दिवसाच्या सूर्यास्तावरही तो बरोबर होता आणि चौदा दिवसांच्या तर होताच. मला ते पहिल्याच वाचनात कळलं. तू चूक दाखवलीस ते वाक्य माझं होतं, म्हणून मी 'पुरावा अपुरा' लिहिलं. तू विचारलं होतंस, चुकला की आवडला नाही. दोन्ही नाही. मला लाज वाटली. पुस्तिकेत आता तुझ्या नावासह दुरुस्ती होते आहे. फॉर्ममधल्या चौकटीत काय लिहायचं ते तुझं तू ठरव; हवं तर हे पत्र सोबत जोड. तू शेवटी लिहिलेली दोन वाक्यं मी त्यानंतर विसरलो नाही. उत्तराला बारा वर्षं लावली त्याबद्दल क्षमा मिळावी म्हणून मागत नाही, मागायला हवी म्हणून मागतो. आर्नो टेस्के."

तिचं घर मला माहीत होतं. पलीकडे, गॅरेजच्या मागचं हिरवं दार. गाडी काढून जाऊन हातात द्यावं, हे साधं होतं. पण तिनं दार उघडलं तर मी काहीतरी हवापाण्याचं बोलून परत येईन, इतकं मी स्वतःला ओळखतो. म्हणून पोस्ट.

आमच्या पोस्टातलं टपाल चारला उचलतात. पावणेचारला मी पोस्टासमोर गाडी लावली. पाकीट शेजारच्या आसनावर ठेवलं. 'क्षमा मिळावी म्हणून मागत नाही' हे वाक्य जरा नाटकी झालं का, असं मनात आलं. पाकीट फोडून तेवढं काढावं का? मी ते उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. इर्माचा चेहरा आठवला. मग वाटलं, लिनेटनं हा फॉर्म केव्हाच टाकून दिला असेल. मग वाटलं, उद्या टाकू. समोरून पोस्टाची गाडी वळून निघून गेली तेव्हा मला दिसलं की चार वाजून सहा मिनिटं झाली आहेत.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आता काही माझ्या हातात नव्हतं. उद्या टाकलं तर शनिवारी मिळेल, फॉर्मची तारीख टळलेली असेल, पण पत्र तर पाठवलं असं म्हणता येईल. मी किल्ली फिरवली. घराकडे वळण्यासाठी दिवा लावला. आणि मला हसू आलं, अजिबात आनंदाचं नसलेलं. वेळेआधी निघून जाणारा माणूस या गावात एकच होता आणि त्याचं नाव वेंझ नव्हतं.

पलीकडे अजून तीन वाजून सहा मिनिटंच झाली होती.

मी पुलावर गाडी घातली. खाली नदी मातकट, रुंद, काठाला बर्फाचे पातळ पापुद्रे. पुलाच्या मध्यावर वेळ बदलत असल्याची ती नेहमीची पाटी आली आणि गेली. आयुष्यात हजार वेळा मी ती ओलांडली असेन, पण तिनं दिलेला तास कधी वापरला नव्हता.

पलीकडच्या पोस्टात खिडकीमागे एक जाडसर बाई शिक्के मारत होती.

"उशीर तर नाही ना झाला?" मी विचारलं.

तिनं माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "नदीपलीकडचे ना तुम्ही आजोबा? ते घड्याळ इथे नाही चालत. आमच्याकडे चारला उचलतात. भरपूर वेळ आहे."

"उद्या मिळेल का? इथलंच आहे, वेस्ट केसलरचं."

"इथलंच? मग उद्या सकाळी दहाच्या आत." ती हसली. "आमच्या दहाच्या. एवढ्या जवळचं पत्र कुणी पोस्टानं पाठवतं का हो? चालत गेलात तरी पोचाल."

"हो," मी म्हणालो. "माहीत आहे."

तिनं पाकिटासाठी हात पुढे केला, पण ते मला माझ्याच हातानं टाकायचं होतं. बाहेर आलो. भिंतीतल्या पेटीचं झाकण थंडीनं जड झालं होतं. ते मी डाव्या हातानं उचलून धरलं, उजव्या हातानं पाकीट आत घातलं आणि सोडलं. आत, तळाशी, ते कशावर तरी पडल्याचा आवाज आला.